ज्याला सोडून जाता येत नाही, त्याचं बिल

अमेरिकेत विजेच्या एका युनिटचे तीन भाव आहेत. २०२४ ची देशभराची सरासरी घेतली, तर घरात जळलेल्या युनिटला साधारण साडेसोळा सेंट, दुकानात किंवा ऑफिसात जळलेल्याला तेरा सेंटच्या आत आणि कारखान्यात जळलेल्याला आठ सेंटच्या आसपास. म्हणजे एखाद्या म्हातारीच्या खोलीतला हीटर कारखान्यातल्या भट्टीच्या दुप्पट दराने चालतो. ही तफावत जुनीच आहे, पण आता ती रुंदावते आहे. २०२२ ते २०२४ या दोन वर्षांत घरांचा दर पंधरा सेंटवरून साडेसोळावर गेला. कारखान्यांचा सव्वाआठच्या वर होता, तो उलट किंचित खाली आला.

महाराष्ट्रात बसून हे वाचलं की वाटतं, आकडे उलटे छापले गेले असावेत. आपल्याकडे १०० युनिटच्या आत वापरणाऱ्या घराला सगळ्यात स्वस्त वीज मिळते. १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर, असा दर टप्प्याटप्प्याने चढत जातो. दुकानदार आणि कारखानदार वीज पुरवण्याच्या सरासरी खर्चापेक्षा जास्त मोजतात आणि त्या जास्तीच्या पैशातून लहान घरांची आणि शेतीपंपांची वीज स्वस्त राहते. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. उद्योजकांच्या संघटना वर्षानुवर्षं याविरुद्ध बोलत आल्या आहेत.

दोन्हीकडचे लोक आपापल्या पद्धतीला न्याय्य म्हणतात. तिकडचे म्हणतात, ज्याच्यामुळे जेवढा खर्च होतो तेवढा त्याने द्यावा. इकडचे म्हणतात, ज्याला जेवढं झेपतं तेवढं त्याने द्यावं. दोन्ही वाक्यं ऐकायला सरळ आहेत. मला मात्र काही महिने असा संशय येतोय, की प्रत्यक्षात दर ठरवणारं एक तिसरंच वाक्य आहे आणि ते कोणी मोठ्याने म्हणत नाही. उठून निघून जायची सोय ज्याला आहे, त्याला सवलत मिळते. ज्याला नाही, त्याच्याकडून वसुली होते.

यात मी तटस्थ नाही. मी पुण्यात बसून सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर लिहिते आणि ते ज्या मशीनवर चालतं त्या उत्तर व्हर्जिनियात आहेत. क्लाउडवर काम करणाऱ्या कुणालाही 'यूएस-ईस्ट-वन' हे नाव तोंडपाठ असतं. स्वस्त, जुनं, सगळ्या सोयी असलेलं रीजन. आमच्या टीममध्ये ते कुणी विचार करून निवडलं होतं असं नाही, यादीत ते वर होतं इतकंच. त्या यादीतल्या नावाखाली लाउडन काउंटीमधल्या अ‍ॅशबर्न गावाभोवतीची खिडक्या नसलेली गोदामं आहेत, आणि त्यांच्या शेजारी घरं आहेत.

आधी खर्चाच्या बाजूचं म्हणणं नीट ऐकून घेऊ, कारण त्यात बरंच खरं आहे. मार्केट यार्डात कांद्याची गोणी उचलणाऱ्याला आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून पाव किलो घेणाऱ्याला एकच भाव लागत नाही, आणि त्यात अन्याय आहे असं आपण म्हणत नाही. विजेचंही तसंच आहे. मोठा कारखाना थेट उच्च दाबाच्या लाइनवरून वीज घेतो. आपल्या घरापर्यंत यायला तीच वीज सबस्टेशनातून उतरते, खांबाखांबावरून सरकते, गल्लीच्या तोंडावरच्या डीपीत आणखी उतरते, वाटेत थोडी उष्णता होऊन उडून जाते. वायरमन लागतो, मीटर वाचणारा लागतो, हजारो बिलं छापावी लागतात. शिवाय कारखाना दिवसरात्र सारखाच चालतो. घर दुपारी झोपतं आणि संध्याकाळी सातला एकदम जागं होतं. त्या सातच्या घाईसाठी उभ्या केलेल्या यंत्रणेचा खर्च चोवीस तास चालू राहतो. जॉन हॉपकिन्सन या इंग्लिश इंजिनिअरने १८९२ मध्ये हे मांडलं: विजेचा खर्च दोन प्रकारचा असतो, एक तयार राहण्याचा आणि दुसरा प्रत्यक्ष देण्याचा. आपल्या बिलावर 'स्थिर आकार' आणि 'वीज आकार' अशा दोन वेगळ्या ओळी दिसतात, त्या त्याच विचाराची पतवंडं आहेत.

तेव्हा घराचं युनिट कारखान्याच्या युनिटपेक्षा काही प्रमाणात महाग असणं हे खर्चाला धरूनच आहे. अडचण पुढे सुरू होते. डीपी कुणामुळे लागली हे सांगता येतं. पण चारशे केव्हीची पारेषण लाइन कुणामुळे लागली? सगळ्यांमुळे. मग तिचा खर्च कसा वाटायचा? इथे निसर्गनियम कामाला येत नाही, कुणीतरी बसून सूत्र ठरवावं लागतं.

टेक्सासचं सूत्र मला इंजिनिअर म्हणून फार आवडतं आणि माणूस म्हणून आवडत नाही. तिथे जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर या चार महिन्यांत प्रत्येक महिन्यातली सर्वाधिक मागणीची पंधरा मिनिटं शोधतात. त्या चार पंधरा-मिनिटांत, म्हणजे अख्ख्या वर्षातल्या एका तासात, एखादा मोठा ग्राहक किती वीज ओढत होता यावर पुढच्या वर्षीच्या पारेषण खर्चातला त्याचा वाटा ठरतो. कल्पना देखणी आहे. यंत्रणा सगळ्यात कडेलोटाला आली तेव्हा ज्याने भार टाकला, त्याने पैसे द्यावेत. पण नियम जाहीर झाला की त्याच्याभोवती धंदा उभा राहतो. ती पंधरा मिनिटं कधी येतील याचा अंदाज विकणाऱ्या कंपन्या आहेत. बिटकॉइन खणणारी गोदामं तो अंदाज घेऊन नेमक्या वेळी मशीन बंद करतात आणि वर्षभराचा पारेषण खर्च जवळजवळ टाळतात. लाइन तीच आणि तेवढीच वापरली, पण मोजमापाच्या क्षणी ते घरी नव्हते. ऑगस्टमधल्या टेक्सासच्या दुपारी लहान मुलाच्या खोलीतला एसी मात्र कुणी पंधरा मिनिटांसाठी बंद करत नाही. कारण त्या घराला अंदाज विकायला कुणी येत नाही, आणि आलं तरी बाहेर चाळीस अंश असताना ते घर काय करणार?

सूत्र दोघांना एकच आहे, पण त्यापासून सटकण्याची ताकद दोघांकडे सारखी नाही. आपण कोड लिहिताना हे रोज पाहतो. टीमला एखादा आकडा लक्ष्य म्हणून दिला, की ज्याच्याकडे वेळ आहे तो आकडा सुधारतो, काम सुधारेलच असं नाही.

सटकण्याची ताकद आणि दर यांचं नातं किती जुनं आहे हे बघायला शिकागोला जावं लागेल. सॅम्युएल इन्सल हा लंडनचा मुलगा १८८१ मध्ये एडिसनचा खासगी सचिव म्हणून अमेरिकेत गेला आणि १८९२ मध्ये त्याने शिकागोतल्या वीज कंपनीचा ताबा घेतला. ब्रायटनमध्ये त्याने आर्थर राइटचं मीटर पाहिलं. ग्राहकाने एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली हे ते नोंदवायचं. त्यावरून इन्सलने दर बांधले. त्याला गिऱ्हाईक म्हणून हव्या होत्या ट्रॅम कंपन्या. त्यांची स्वतःची वीजकेंद्रं होती, त्यांना इन्सलची गरज नव्हती. म्हणून त्याने त्यांना इतका कमी दर दिला की स्वतः वीज बनवणं त्यांना परवडेना. घरांना असा देकार द्यायचं कारण नव्हतं. घरासमोर पर्याय होता तो रॉकेलचा दिवा किंवा गॅसबत्ती. (हाच इन्सल पुढे १९३२ मध्ये दिवाळखोरीत गेला, ग्रीसला पळाला, पकडून आणला गेला आणि खटल्यात निर्दोष सुटला. सिनेमा व्हावा असा माणूस.)

इन्सलचा बचाव करता येतो आणि तो करायलाच हवा. ट्रॅम आल्यामुळे त्याची जनित्रं दिवसाही भरलेली राहिली, स्थिर खर्च जास्त युनिटांवर पसरला आणि पुढच्या वर्षांत शिकागोतल्या घरांचे दरही उतरले. ट्रॅमला सवलत मिळाली, पण तिच्यामुळे घराचंही भलंच झालं. आजही कुठल्याही वीजदराच्या सुनावणीत मोठ्या ग्राहकाचा वकील हेच बोलतो: आम्ही गेलो तर तुमच्या तारांचा खर्च उरलेल्यांवर पडेल, म्हणून आम्हाला थोपवून धरणं तुमच्याच हिताचं आहे.

या व्यवहारी शहाणपणाला गणिताची झालर लावली फ्रँक रॅमसेने. रॅमसे तत्त्वज्ञ होता, गणिती होता, विटगेन्स्टाइनचा 'ट्रॅक्टॅटस' इंग्रजीत आणण्यात त्याचा हात होता आणि १९३० मध्ये तो २६ व्या वर्षी गेला. मी आत्ता त्याच्याहून मोठी आहे, हे लिहिताना थोडं अस्वस्थ व्हायला होतं. १९२७ मध्ये त्याने करांवर एक लेख लिहिला. सरकारला ठरावीक रक्कम गोळा करायची असेल तर लोकांच्या वागण्यात कमीत कमी ढवळाढवळ होईल असा कर कसा लावावा? उत्तर निघालं ते असं: महाग झाल्यावरही लोक ज्याची खरेदी कमी करत नाहीत, त्यावर जास्त कर लावा. १९५६ मध्ये मार्सेल ब्वातो या फ्रेंच अर्थतज्ज्ञाने हाच विचार सार्वजनिक कंपन्यांच्या दरांना लावला. तो फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीत काम करत होता आणि पुढे तिचाच प्रमुख झाला. स्थिर खर्च भरून काढायचा असेल तर तो त्या ग्राहकांकडून काढा, जे दर वाढला तरी वापर कमी करणार नाहीत.

ते कोण, हे सांगायला नको. ज्याच्या घरात फ्रिज आहे, दिवा आहे, अभ्यास करणारं पोर आहे, तो.

हा सिद्धांत मला इथे खटकतो. रोजच्या नैतिक समजुतीत गरज हे भाव कमी ठेवण्याचं कारण असतं. दुष्काळात पाण्याचा टँकर दुप्पट दराने विकणाऱ्याला गाव नावं ठेवतं. रेशनचा तांदूळ स्वस्त असतो, कारण तो सोडता येत नाही. या गणितात मात्र 'सोडता येत नाही' हेच भाव वाढवण्याचं कारण होतं. गणित चुकलंय असं अजिबात नाही. रॅमसेने सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलं होतं, की वाटपाचा प्रश्न आणि गरिबाच्या रुपयाची किंमत श्रीमंताच्या रुपयापेक्षा वेगळी असते हा प्रश्न मी बाजूला ठेवतोय. त्याने प्रामाणिकपणे घातलेली ती अट वापरणाऱ्यांच्या हातून गळून पडली. लायब्ररी उचलायची आणि तिची रीडमी वाचायची नाही, असा हा प्रकार.

तरीही 'आम्ही गेलो तर' या युक्तिवादाला उत्तर द्यावंच लागतं, कारण तो खोटा नाही. निदान शिकागोत नव्हता. माझं उत्तर असं: तो युक्तिवाद एका विशिष्ट परिस्थितीत खरा आहे. जनित्रं आहेत, तारा आहेत, त्यांचे पैसे कुणीतरी आधीच गुंतवलेत आणि त्या रिकाम्या पडल्यात. अशा वेळी आणखी एक मोठा ग्राहक आला तर सगळ्यांचा भार हलका होतो. अर्ध्या रिकाम्या एसटीत आणखी चार प्रवासी चढले तर डेपोला आनंदच. पण गाडी खच्चून भरलेली असताना चाळीस जणांचं वऱ्हाड आलं, तर दुसरी गाडी काढावी लागते. त्या दुसऱ्या गाडीचा खर्च पहिल्या गाडीतल्या उभ्या प्रवाशांच्या तिकिटावर चढवायचा आणि वर वऱ्हाडाला घाऊक सवलत द्यायची, हे कुठल्या हिशोबात बसतं?

अमेरिकेच्या पूर्व भागात सध्या हेच चाललंय. पीजेएम ही संस्था तेरा राज्यं आणि वॉशिंग्टन डी.सी. यांचं ग्रिड सांभाळते, व्हर्जिनिया त्यातच येतं. ती 'क्षमते'चा लिलाव करते. म्हणजे प्रत्यक्ष वीज विकत घ्यायची ती वेगळी. हा लिलाव फक्त 'लागेल तेव्हा आम्ही तयार असू' या वचनाचा, हॉपकिन्सनच्या पहिल्या खर्चाचा. २०२४-२५ या वर्षासाठी हे वचन दर मेगावॉट दर दिवशी २८.९२ डॉलरला मिळालं होतं. पुढच्या वर्षासाठीचा लिलाव जुलै २०२४ मध्ये झाला आणि भाव निघाला २६९.९२. नऊ पटींहून जास्त. एकूण रक्कम २.२ अब्ज डॉलरवरून १४.७ अब्जांवर गेली. त्याच्या पुढच्या वर्षी ३२९.१७ वर गाडी थांबली ती केवळ तिथे कमाल मर्यादा घातलेली होती म्हणून. या बाजारावर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र संस्थेने हिशोब मांडला, की १४.७ अब्जांपैकी सुमारे ९.३ अब्ज डॉलर डेटा सेंटरच्या, आलेल्या आणि येऊ घातलेल्या, मागणीमुळे वाढलेत.

हे ९.३ अब्ज फक्त डेटा सेंटरांनी भरले नाहीत. लिलावाचा भाव सगळ्यांना एकच लागतो. जून २०२५ पासून न्यू जर्सीतली घरगुती बिलं १७ ते २० टक्क्यांनी वाढली. त्या घरांनी जास्त वीज वापरली नव्हती. तिथली गव्हर्नरपदाची निवडणूक त्या वर्षी बऱ्याच अंशी वीजबिलावर लढली गेली.

आकाराचा अंदाज यावा म्हणून एक साधा गुणाकार. शंभर मेगावॉटचं डेटा सेंटर महिनाभर पूर्ण भाराने चाललं तर ७ कोटी २० लाख युनिट होतात. अमेरिकन घर महिन्याला नऊशेच्या आसपास युनिट वापरतं. म्हणजे एक इमारत बरोबर ऐंशी हजार घरं. आणि शंभर मेगावॉट आता मोठं मानलं जात नाही. आयर्लंडमध्ये तर २०२३ साली डेटा सेंटरांनी देशाच्या मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के वापरली, शहरी घरांनी सगळी मिळून १८ टक्के.

डेटा सेंटर वाईट, असं मला म्हणायचं नाही. माझा पगार त्यातून येतो आणि हा लेख तुम्ही वाचताय तोही अशाच एखाद्या इमारतीतून आलाय. माझं म्हणणं एवढंच आहे, की ट्रॅमचा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. नवा येणारा जुन्या खर्चात वाटेकरी होत नाहीये, तो नवा खर्च घेऊन येतोय. 'आम्ही गेलो तर तुमचं नुकसान' हे वाक्य 'आम्ही आलोच नाही तर' असं झालं की त्यातला दम निघून जातो. गावाला रोजगार आणि कर मिळतात हे खरं, पण तो वेगळा हिशोब आहे. तो शेजारणीच्या वीजबिलातून परस्पर वळता करायचं कारण नाही.

ओहायोने हे ओळखलं. जुलै २०२५ मध्ये तिथल्या नियामकाने एका मोठ्या वीज कंपनीसाठी नियम मंजूर केला: २५ मेगावॉटच्या वरच्या नव्या डेटा सेंटरने जेवढी वीज मागितली त्याच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे भरायचे, वापरो वा न वापरो, बारा वर्षांपर्यंत. व्हर्जिनियानेही नोव्हेंबर २०२५ मध्ये अशा मोठ्या ग्राहकांसाठी दीर्घ कराराचा वेगळा वर्ग केला. ओहायोत नियम आल्यावर मजा झाली. त्या कंपनीकडे सुमारे ३० हजार मेगावॉटच्या मागण्या रांगेत होत्या, त्या १३ हजारांवर आल्या. उरलेल्या १७ हजार मेगावॉटना वीज हवी होती की फक्त रांगेतली जागा? सोडून जायची किंमत लावल्याबरोबर अर्ध्याहून जास्त लोक निघून गेले.

आता आपल्याकडे. वरवर पाहता आपण ही लढाई आधीच जिंकून बसलोय: घर स्वस्त, धंदा महाग. २००३ च्या वीज कायद्यातलं ६२ व्या कलमाचं तिसरं उपकलम मला वाचायला आवडतं. आयोगाने ग्राहकाग्राहकांत गैरवाजवी पक्षपात करू नये असं ते म्हणतं, आणि मग कोणत्या कारणांनी फरक करता येईल ते सांगतं. व्होल्टेज, वापराची वेळ, एकूण वापर, ठिकाण अशी तांत्रिक कारणं येतात आणि शेवटी एक अगदी वेगळ्या जातीचं कारण येतं: वीज कशासाठी हवी आहे, हा हेतू. करंटला हेतू नसतो. कायद्याने तो दिलाय.

पण हेतू कोण ठरवतं ते पाहा. महाराष्ट्रात नोंदणीकृत आयटी कंपनीच्या ऑफिसला व्यापारी दर न लागता औद्योगिक दर लागतो, आणि तो व्यापारी दरापेक्षा कमी असतो. म्हणजे मी एसीत बसून टाइप करते तो कारखाना. खालच्या मजल्यावर झेरॉक्सचं मशीन आणि एक ट्यूबलाइट असलेला गृहस्थ व्यापारी. आणि मी घरून काम करते तेव्हा कंपनीचं काम घरगुती दराने चालतं, आणि ते बिल मी भरते.

शिवाय इकडचा महाग धंदाही बसून राहत नाही. एक मेगावॉटच्या वर भार असेल तर ओपन ॲक्सेसने बाहेरून वीज घेता येते. २०२२ च्या हरित ऊर्जेच्या नियमांनी ती मर्यादा शंभर किलोवॉटवर आणली. जाताना क्रॉस सबसिडीचा अधिभार द्यावा लागतो, म्हणजे घटस्फोटानंतरची पोटगी. पण तीही टाळता येते. सोलर प्रकल्पात काही कंपन्यांनी मिळून २६ टक्के मालकी घ्यायची, त्यातली किमान ५१ टक्के वीज स्वतः वापरायची, की तो 'कॅप्टिव्ह' होतो आणि अधिभार लागत नाही. हे पूर्ण कायदेशीर आहे. फक्त ते करायला वकील लागतो, भांडवल लागतं आणि शंभर किलोवॉटचा भार लागतो. पिठाच्या गिरणीला, इस्त्रीच्या दुकानाला, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीला यातलं काहीच नसतं. ती बिलावर 'धंदा' आहेत, पण अडकलेली आहेत घरासारखीच.

म्हणून 'घर विरुद्ध धंदा' ही रेघच मला चुकीच्या जागी ओढलेली वाटते. अमेरिकेत घर जास्त मोजतं, महाराष्ट्रात छोटा दुकानदार जास्त मोजतो, दोन्हीकडे तो जास्त मोजतो कारण त्याला दुसरीकडे जाता येत नाही. मी खर्चाचं तत्त्व मान्य करते. ऐपतीचं तत्त्वही मान्य करते, आणि दोन्हींत भांडण झालं तर विजेसारख्या गोष्टीत ऐपतीच्या बाजूने झुकते. पण कुणी अडकलेला आहे एवढ्यावरून त्याचा दर वाढवणं हे मला कारण म्हणून मान्यच नाही. जिथे सामायिक खर्च कुणाचा हे ठरवता येत नाही, तिथे संशयाचा फायदा सोडून जाता न येणाऱ्याला मिळावा. आज तो उलट बाजूला मिळतो, कारण सुनावणीत अभ्यास करून बोलायला कोण येतं त्यावर बरंच ठरतं. आपल्याकडे आयोगापुढे कुणीही सूचना-हरकती देऊ शकतो. पुण्याची 'प्रयास' किंवा 'मुंबई ग्राहक पंचायत' यांसारख्या संस्था वर्षानुवर्षं ते करत आल्यात. बाकीच्यांना दरवाढ झाल्याचं बिलावरूनच कळतं.

इतकं सगळं ठरवल्यावर एक गाठ माझ्याकडून सुटलेली नाही. नाशिकला माझ्या मामाने गच्चीवर सोलर बसवलं. २०२४ च्या सूर्यघर योजनेत ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, ते त्याला मिळालं. दिवसा त्याची वीज ग्रिडमध्ये जाते, रात्री ग्रिडची घरात येते, आणि बिलात जवळजवळ फक्त स्थिर आकार उरतो. म्हणजे रात्रीच्या तयारीचा, तारांचा, डीपीचा खर्च बराचसा त्याच्या गल्लीतल्या त्या लोकांवर गेला ज्यांना स्वतःची गच्ची नाही. भाडेकरू, चाळीतले, तिसऱ्या मजल्यावरचे. कारखान्याने कॅप्टिव्ह प्लांट घेतला आणि मामाने पॅनेल घेतलं, यात तत्त्वाचा फरक काय? पॅनेल चांगलंच आहे, कोळसा वाचतो, सरकारच सांगतंय बसवा म्हणून. स्थिर आकार वाढवावा म्हणावं, तर तो चाळीतल्या पन्नास युनिटवाल्याच्याही बिलात वाढतो आणि त्यालाच जास्त लागतो. फक्त सोलरवाल्यांवर लावावा, तर मामासारखे लोक बॅटरी घेऊन पूर्णच बाहेर पडतील.

गेल्या सुट्टीत मी त्याला हे सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अगं, मग मी काय करू? पॅनेल उतरवू?"

मी म्हटलं, नको. त्याच्या पुढे काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.